ज्याच्या भावना खरंच दुखावल्या

निरवडीत भावना दुखावून घेणं हा पूर्वी बऱ्यापैकी जोडधंदा होता. सकाळी दुकान उघडायचं, दुपारी निवेदन द्यायचं, संध्याकाळी तहसील कचेरीसमोर कुणाचा तरी पुतळा जाळायचा आणि रात्रीच्या बातम्यांत स्वतःला बघत जेवायचं. कुणी पुस्तक लिहिलं, नाटक बसवलं, की ठरलेली माणसं ठरलेल्या चौकात जमायची. आपण नेमके कशानं दुखावलो आहोत हे त्यातल्या निम्म्यांना माइकवाला सांगायचा. लिहिणारा मात्र माफी मागून हात झटकायचा, नाहीतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचा.

मग वेदनामापक आला आणि ह्या धंद्याचं दिवाळं वाजलं.

यंत्राची गोष्ट तशी साधी होती. हात भाजला की मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या बाजूला एक पट्टा जागा होतो. आपल्या माणसानं झिडकारलं तरी जवळपास तोच पट्टा जागा होतो, हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. नवीन कळलं ते असं, की खरी वेदना आणि संताप ह्यांचे ठसे वेगळे असतात. संतापलेल्या माणसाच्या डोक्यात बक्षीस मिळाल्याचा आनंद देणारी केंद्रंही पेटतात. म्हणजे चिडायला माणसाला आवडतं. टोपात बसवलेले नाजूक चुंबकमापक मेंदूतल्या विजेची हालचाल कवटीबाहेरून टिपायचे आणि पडद्यावर दोन पट्ट्या वरखाली व्हायच्या. निळी वेदनेची, तांबडी आवेशाची.

ह्या यंत्रावर उभा राहिला तो भावना पडताळणी कायदा. तक्रारदारानं टोप घालून खुर्चीत बसायचं आणि ज्यानं भावना दुखावल्या ते लिखाण वाचायचं किंवा ती चित्रफीत बघायची. निळी पट्टी चाळीसच्या वर गेली तर तक्रार खरी, आणि जेवढी वेदना तेवढी शिक्षा. खाली राहिली तर तक्रारदारालाच दंड. हे सगळं लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर, कारण लोकशाहीत लपवायचं काय?

कायदा व्हावा म्हणून ज्यांनी राज्यभर रान उठवलं त्यांत निरवडीची मृण्मयी गावकर पहिल्या फळीत होती. ‘मुळात’ नावाची तिची वाहिनी म्हणजे ती, एक कॅमेरा आणि ओरखडा काढणारा तिचा आवाज. संस्कृती म्हणजे कुणाच्या तरी सोयीचं लक्षात ठेवणं आणि बातमी म्हणजे कुणाच्या तरी सोयीचं विसरणं, असं ती म्हणायची. ‘आधी मोजा, मग रडा’ ही घोषणा तिचीच. मोजणी झाली की ढोंग्यांचे बुरखे फाटतील आणि बोलणारे मोकळे होतील, ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बाकी सगळ्या गोष्टींबद्दल होती.

आता आप्पासाहेब कोंढाळकरांविषयी. निरवडीत देवांच्या खालोखाल आप्पा. गेल्या शतकातल्या महापुरात कमरेला दोर बांधून ते रात्रभर पाण्यात उभे राहिले आणि खालच्या आळीतली माणसं एकेक करून ओढून काढली, ही कथा इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी येते. चौकात त्यांचा पुतळा आहे, कमरेला पितळी दोर. पुराच्या तिथीला दोराचा दिवस असतो. नदीपासून चौकापर्यंत एकच लांबलचक दोर, आणि अख्खं गाव तो धरून उभं राहतं. पुढचं टोक कोंढाळकर घराण्याच्या हातात. टोक ज्याच्या हातात, तालुका त्याच्या खिशात. सध्या ते आप्पांचे नातू, आमदार यशोधन कोंढाळकर ह्यांच्याकडे होतं.

मृण्मयीला मिरजेच्या एका जुन्या लॉजमालकाची ध्वनिफीत मिळाली. म्हातारा आपल्या नातवाला जुन्या गोष्टी सांगत होता आणि बोलता बोलता म्हणून गेला, "निरवडीचे कोंढाळकर साहेब पुराच्या टायमाला माझ्याकडंच उतरलेले. चांगले तीन आठवडे."

तिनं तारखा ताडून बघितल्या, खालच्या आळीत फिरली, आणि व्हिडिओ केला. माणसं ओढून काढली ती चार नावाड्यांनी. त्यांची नावं पुतळ्याखाली नाहीत. "आणि आमचे दोरवाले आप्पा कुठे होते?" मृण्मयी कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "गाव बुडत होतं तेव्हा महापुरुष मिरजेच्या लॉजमध्ये गादीवर लोळत होते!" आणि ती हसली. हसू छान होतं तिचं. त्या हसण्यानंच व्हिडिओ राज्यभर फिरला.

अर्थातच भावना दुखावल्या. घाऊक दुखावल्या.

मोजणी सांस्कृतिक भवनात झाली. वेदनामापन अधिकारी डॉक्टर नदाफ कमी बोलणारे आणि नेमाचे पक्के. पहिला बसला तो आमदारांच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष राजू फाळके.

"लई दुखलंया सायेब," टोप घालता घालता तो म्हणाला. "दोन दिस पोटात अन्न न्हाई."

व्हिडिओ सुरू झाला. निळी पट्टी तीनवर. तांबडी भराभर चढत पंच्याऐंशीला. डॉक्टर नदाफांनी नियमाप्रमाणे खुलासा वाचून दाखवला : तक्रारदाराला वेदना नाही, लग्नात पंगतीला पहिल्या ओळीत जागा मिळाल्यावर होतो साधारण तेवढा आनंद झालेला दिसतो. भवनात हशा पिकला. एकामागून एक कार्यकर्ते बसले आणि आनंदित होऊन उठले. शेवटी आमदार स्वतः बसले. त्यांची निळी पट्टी आजोबांच्या नावाला हललीसुद्धा नाही; ‘दोराचं टोक’ हे शब्द आले तेव्हा मात्र तीसला जाऊन आली. तरी चाळीसच्या खालीच.

गावानं आमदाराला एवढं हसून घेतलं की त्यांनी आठवडाभर बंगल्याची खिडकी उघडली नाही. मृण्मयी जिंकली होती. तिथं थांबली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण कायद्यात निकटसाक्षीचं एक कलम होतं. आरोपीला वाटलं तर त्यानं अवमानिताच्या अगदी जवळचा एक माणूस स्वतःहून मोजणीला आणायचा. त्यालाही दुखलं नाही असं निघालं, तर विषय कायमचा बंद. पुन्हा कुणालाही, कधीही तक्रार करता येत नाही. दुखलं असं निघालं, तर तीच तक्रार धरली जाते. मृण्मयीला विजय नको होता, निकाल हवा होता. आणि आप्पांच्या अगदी जवळचा म्हणता येईल असा हयात माणूस गावात एकच होता. तो तिच्याच घरात दुपारी पेपरातलं कोडं सोडवत बसायचा.

मुकुंद गावकर, गावाचे मुकुंदमास्तर, हे तिचे वडील. अनाथ पोर होतं, आप्पांच्या वसतिगृहात वाढलं. आडनावच नव्हतं, तेव्हा शाळेत नाव घालताना आप्पा म्हणाले, "घर नाही ना तुला? मग गाव तुझं. लाव गावकर." पुढे ते आप्पांच्याच शाळेत गणिताचे मास्तर झाले. "मास्तर म्हणतात म्हणून खरं मानायचं नाही, करून बघायचं," असं ते वर्गात सांगायचे आणि घरी पोरीलाही. बायको गेल्यावर तिला त्यांनीच वाढवलं. प्रश्न विचारायची खोड तिला त्यांनीच लावली, असं ती अभिमानानं सांगायची.

व्हिडिओ आला त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "कसा झालाय, बाबा?"

"आवाज स्पष्ट आलाय," मास्तर म्हणाले. "कॅमेरा मध्येच जरा हलतो."

"आप्पांबद्दल बोलले म्हणून राग नाही ना आला?"

"छे गं. मला काय वाटायचंय? बरं केलंस."

आपल्याकडे बापमाणूस ‘बरं केलंस’ म्हणतो तेव्हा त्याचे निदान दहा अर्थ असू शकतात, हे कुणीही सांगेल. पण जगातल्या प्रत्येक वाक्याचा उलटा धागा काढणाऱ्या मृण्मयीनं हे एवढं वाक्य जसंच्या तसं खरं मानलं.

"माझं काय काम तिथं?" निकटसाक्षीचं कळल्यावर मास्तर म्हणाले. "गुडघा धरलाय माझा."

"रिक्षा आणते ना दाराशी."

"मंगळवारी सिलेंडर यायचाय."

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे! तुम्ही बसलात की संपलं. आयुष्यात पुन्हा कुणी ह्या विषयावरून मला त्रास देऊ शकणार नाही."

ह्या शेवटच्या वाक्यावर ते उठले. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

भवन ह्या खेपेला तुडुंब भरलं. ‘झुंज मराठी’ वाहिनीचा निवेदक पराग टिकेकर खास आला होता. त्याला वाद आवडायचे आणि पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढे हवे होते. मास्तर खुर्चीत बसले, टोप चढवला. डॉक्टर नदाफांनी विचारलं, "स्वखुशीनं बसताय ना?"

"अगदी. आपलीच पोरगी आहे."

व्हिडिओ सुरू झाला. निळी पट्टी दहा, बारा. मृण्मयी बाजूला उभी राहून हसतमुखानं लोकांकडे बघत होती. लॉजमालकाचा आवाज आला आणि पट्टी तीसवर गेली. मिरजेचं नाव पुन्हा आलं, पंचेचाळीस.

"मला काही होत नाहीये हो," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "यंत्रात काहीतरी गडबड असेल."

साठ.

"पोरीचं काही चुकलेलं नाही. माहिती बरोबर दिलीय तिनं. मी मास्तर आहे, मला कळतं." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पडद्यावरची मृण्मयी म्हणाली, गादीवर लोळत होते, आणि हसली. पट्टी अठ्ठ्याऐंशीला जाऊन थरथरत उभी राहिली. तांबडी पट्टी तळाशी होती, शून्यावर. एवढी स्वच्छ वेदना डॉक्टर नदाफांनी आजवर कुठल्या भावनेच्या प्रकरणात पाहिली नव्हती. त्यांनी व्हिडिओ बंद केला.

"बंद करू नका," मास्तर म्हणाले, "थांबा, उतरेल ती. मी उतरवतो." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

कुणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही. फक्त टिकेकर कॅमेऱ्याकडे वळून हलकेच म्हणाला, "प्रेक्षकहो, जन्मदात्या बापाची वेदना. अठ्ठ्याऐंशी." तो खरंच हेलावला होता. ब्रेकनंतर भेटू म्हणाला.

शिक्षा पडली तीन वर्षांची. कायद्याप्रमाणे, वेदनेच्या प्रमाणात; हजर व्हायला तेवढी मुदत मिळाली. आमदारांना जे शंभर कार्यकर्त्यांकडून जमलं नाही ते तिनं एकटीनं, आपल्या हातानं करून घेतलं होतं.

घरी आल्यावर ती बापावर चिडली. असंच होतं आपल्याकडे. "दुखलं होतं तर सांगायचं ना! एका शब्दानं सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू व्हिडिओ काढून टाकला असतास."

"मग?"

"मग तुझं खोटं ठरलं असतं. ते खरं होतं." मास्तर चहाचं आधण ठेवत होते, साखर किती घातली हे विसरून पुन्हा घालत होते.

"पण एवढं काय दुखलं बाबा? एक पुढारी खोटा निघाला म्हणून?"

"सांगेन केव्हातरी," ते म्हणाले. "आता नाही सांगवत."

सुटकेचा एक मार्ग होता, आणि तोही तिनंच कायद्यात घालून घेतलेला. त्याला शमन म्हणत. आपली आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी आठवताना ती मऊ होते आणि थोड्या वेळानं पुन्हा घट्ट बसते. ती मऊ असताना एक औषध पोटात असलं, तर प्रसंग जसाच्या तसा परत बसतो, पण त्याला चिकटलेली भावना बसत नाही. पाच-दहा वेळा केलं की माणसाला सगळं आठवतं, टोचत काही नाही. अपघातातून वाचलेल्यांवर, युद्धावरून आलेल्यांवर हे करून झालं होतं. दुखावलेल्या माणसानं स्वखुशीनं शमन करून घेतलं आणि निळी पट्टी शून्यावर आली, तर शिक्षा रद्द. वेदनाच उरली नाही तर गुन्हा कुठला? सत्तरीपुढच्या माणसासाठी जवळच्या नातेवाइकाची सही लागायची.

"कर सही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला नक्की चालेल?"

"तू आत गेलीस तर मी काय इथं भिंतीशी बोलत बसू? कर. माझं वय काय, तुझं वय काय."

तिला तुरुंगाची भीती वाटत होती. साधी, कुणालाही वाटेल अशी भीती. पण सही करताना तिनं मनाला सांगितलं की व्यक्तिपूजा हा रोगच आहे, आणि बाबा ह्या वयात का होईना, त्यातून बरे होतायत.

शमन जिल्ह्याच्या केंद्रात व्हायचं. मास्तर गोळी घ्यायचे, टोप घालायचे आणि खोलीत बसून तिचा व्हिडिओ बघायचे. एकदा संपला की पुन्हा पहिल्यापासून. ती बाहेरच्या बाकावर बसायची. दाराआडून तिचाच आवाज यायचा, मग तिचं हसू, मग थोडी शांतता, मग पुन्हा तिचा आवाज. आपलं हसू इतक्या वेळा ऐकायला कुणालाही बरं वाटत नाही. ती कानात काहीतरी घालून बसू लागली.

सुरुवातीला मास्तर बाहेर यायचे ते थकलेले, डोळे सुजलेले. "झालं गं मृणू, चल, भूक लागली असेल तुला," म्हणायचे. पुढेपुढे ते ताजेतवाने बाहेर येऊ लागले.

एका खेपेला डॉक्टर नदाफांनी तिला आत बोलावलं. मास्तर दुसऱ्या खोलीत बिस्किटं खात होते.

"मॅडम, तुम्हाला एक दाखवायचंय. पहिल्या दिवसापासून बघतोय, वाटलं आपोआप वेगळं होईल." त्यांनी पडद्यावर आलेख आणला. "निळी पट्टी दोन ठिकाणी चढते. एक, मिरजेचा उल्लेख येतो तिथं. ते आप्पासाहेबांचं. दुसरं हे इथं, तुम्ही हसता तिथं. हे शिखर पहिल्याच्या वर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना आप्पासाहेबांवर कुणी काही बोललं एवढंच लागलेलं नाही. तुम्ही बोललात हे लागलंय. दोन्हीकडे जीव आहे म्हणून दुखतंय. आणि आपण शून्यावर आणतोय ते दोन्ही. औषधाला निवड करता येत नाही. समोर चेहरा तुमचा आहे, आवाज तुमचा आहे."

तिनं आलेखातल्या दुसऱ्या शिखरावर बोट ठेवलं. "किती राहिलंय आता?"

"आप्पासाहेबांचं जवळजवळ संपलंय. तुमचं आहे अजून थोडं. म्हणून विचारतो. इथं थांबता येईल. उरलंय तेवढं तरी राहील."

"थांबलं तर पट्टी कितीवर असेल?"

"पंचवीसच्या आसपास. पण चाळीसचा नियम तक्रारीपुरता. शमनाला शून्य लागतं."

"मग तीन वर्षं."

"कमी होतील. पण जावं लागेल."

नदाफ वाट बघत उभे राहिले. ह्या माणसानं आपल्या वतीनं ‘थांबा’ म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण ते नेमाचे माणूस होते. नेमात त्यांना विचारण्यापुरताच अधिकार होता.

"चालू द्या," मृण्मयी म्हणाली.

पट्टी शून्यावर आली तेव्हा पेढे वाटावेत की नाही हे कुणाला कळेना. शिक्षा रद्द झाली. मास्तर घरी आले. वेळेवर जेवत होते, गाढ झोपत होते. तिला हाक मारताना ‘मृण्मयी’ म्हणू लागले, पूर्ण नाव, हजेरी घेतल्यासारखं. ती बाहेरून उशिरा आली तर पूर्वी दारात उभे असायचे. आता जेवून, आपलं ताट घासून कोड्याला बसलेले असायचे. कुरकुर नाही, टोमणा नाही. ती स्वतःला सांगायची, वय झालंय, शांत झालेत.

एका सकाळी चहा पिताना त्यांनी आपणहून विषय काढला. "तू विचारलं होतंस, आप्पांबद्दल एवढं काय होतं. ते सांगायचं राहिलं होतं. सांगून टाकतो."

आणि त्यांनी सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना त्यांना टायफॉइड झाला. वसतिगृहात कुणी वाचेल म्हणेना. आप्पांनी त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं आणि समोरच्या लॉजमध्ये नावाला खोली घेतली. राहिले ते दवाखान्यातच, खाटेशी. पुराची बातमी आली तेव्हा आप्पा उठले होते. मुकुंदानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि सोडेना. तापात होता, जाऊ नका म्हणून रडला. आप्पा परत खाली बसले. "त्या रात्री त्यांचा चुलतभाऊ खालच्या आळीत बुडाला," मास्तर म्हणाले. "परत आलो तर गावात उठलेलं, आप्पा दोर बांधून उभे होते म्हणून. अंधारात कुणीतरी कुणाला तरी बघितलं असेल. आप्पांनी दोनदा जाहीर सांगितलं, मी नव्हतो. लोक म्हणाले, बघा केवढा विनय. मग ते गप्प बसले. मला म्हणाले, तूही बोलू नकोस. एका पोरासाठी आप्पा आले नाहीत असं कळलं तर गाव तुला जगू देणार नाही."

मृण्मयीच्या हातातला कप केव्हाच थंड झाला होता. तिनं सगळ्या गावाला विचारलं होतं. आप्पा मिरजेत कशासाठी गेले, हे फक्त विचारलं नव्हतं, आणि घरातल्या माणसाला काहीच विचारलं नव्हतं. ती हुंदके देऊन रडायला लागली. "बाबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगायला गेलं की घसा दाटायचा. आता काही अडचण नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पाणी देऊ का?"

हे गावाला सांगायचंच, असं तिनं ठरवलं. आप्पा खोटे नव्हते, कथा खोटी होती, आणि खरा माणूस कथेपेक्षा मोठा होता. चार नावाडीही खरे होते. ह्याहून चांगलं सत्य तिला आयुष्यात सापडलं नव्हतं. टिकेकरनं उडी मारून वेळ दिली. आमदार यशोधन म्हणाले, "अवश्य. पण आमचीही अट आहे. टोप घालून सांगू दे मास्तरांना. ताईंचीच घोषणा आहे, आधी मोजा."

पुन्हा भवन, पुन्हा खुर्ची. मास्तरांनी सगळं सांगितलं, तारीखवार, काही न गाळता. ताप, खाट, सोगा, चुलतभाऊ. एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं. मधेच एकदा थांबून खोकले. निळी पट्टी शून्यावर. तांबडी शून्यावर.

टिकेकर पडद्याकडे बघत राहिला. "मास्तर, ज्या माणसानं तुमच्यासाठी एवढं केलं त्याची आठवण सांगताय... काही वाटतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. ते कधीच खोटं बोलणारे नव्हते.

"शमन झालंय त्यांचं!" मृण्मयी ओरडली. "म्हणून शून्य आहे! डॉक्टर, सांगा ना तुम्ही!"

नदाफ सांगू लागले, शमनात प्रसंग पुसला जात नाही, फक्त... पण आमदार उभे राहिले होते, आणि त्यांना माइकची गरज नव्हती.

"बंधूंनो, आम्हाला शास्त्रातलं काय कळतंय? ताईंनी शिकवलं तेवढंच. दुखलं तर खरं, नाही दुखलं तर ढोंग. आम्ही फेल झालो, दंड भरला, मान खाली घातली. आता ह्यांची पट्टी बघा. ज्याच्यासाठी आप्पा मिरजेत बसले म्हणं, त्याच्या डोळ्याला टिपूस न्हाई! का? कारण आप्पा मिरजेत नव्हतेच. आप्पा हितं होते. पाण्यात. दोर बांधून!"

भवन उसळलं. कितीतरी वर्षांत गावाला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. म्हातारी माणसं रडत होती. त्यांना टोप घातला असता तर निळी पट्टी वरच गेली असती. बाहेर फटाके सुरू झाले, गुलाल उडाला, कुणीतरी नदीवरून दोर आणायला धावलं. चार नावाड्यांपैकी एकाचा नातू मागच्या रांगेत बसला होता. तोही उठून दोर धरायला गेला.

मृण्मयीनं बापाला गर्दीतून कशीबशी बाहेर काढलं आणि रिक्षात बसवलं. रिक्षा चौकात अडकली. दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून नाचत होती, त्यातल्या कुणीतरी टपावर हात आपटला. तिला भीती वाटली, रडू येत होतं, आणि जगात धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं मास्तरांच्या मांडीवरच्या हातावर हात ठेवला.

मास्तरांनी आपला हात काढून घेतला आणि ते कडेला सरकले. तिला बसायला जागा कमी पडत असेल, असं त्यांना वाटलं.